'एव्हरीवन'नंतर 'इज' की 'आर'? मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींच्या इंग्रजीच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं: 'एव्हरीवन आर रेडी.' लिहिणाऱ्याने मनात 'सगळे तयार आहेत' असं वाक्य जुळवलेलं असतं. 'सगळे' अनेकवचनी, म्हणून 'आर'. तर्क अगदी सरळ आहे. गफलत एवढीच, की 'एव्हरीवन' म्हणजे 'सगळे' असं त्याने धरलं.

एव्हरीवन, समबडी, ईच, नायदर, नन, ऑल, सम अशा शब्दांना व्याकरणात अनिश्चित सर्वनामं म्हणतात. कोण, किती, नेमकं कोणतं हे ती सांगत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यानंतर क्रियापद एकवचनी ठेवायचं की अनेकवचनी, याचा गोंधळ होतो. 'वाक्यातली चूक ओळखा' या प्रकारच्या प्रश्नात ही जागा परीक्षकांची आवडती आहे. माझं ठाम मत आहे, की मराठी नीट बोलणाऱ्याला या विषयातलं निम्म्याहून अधिक आधीच येतं. उरलेल्या काही जागी मराठी आपल्याला चकवते. त्या जागा ओळखल्या की काम झालं.

इंग्रजी वाक्यं इथे मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. क्रियापदाच्या शेवटचा 'स' बोलताना गिळला जातो आणि मग लिहितानाही निसटतो, म्हणून हा विषय आधी कानाला कळायला हवा.

पायरी १: 'एस'चा घोळ आधी मिटवा

नामाला 'एस' लागला की अनेकवचन होतं आणि क्रियापदाला 'एस' लागला की एकवचन. 'द बॉय रन्स' म्हणजे मुलगा धावतो, 'द बॉईज रन' म्हणजे मुलं धावतात. एकाच अक्षराची दोन उलटी कामं आहेत. 'एव्हरीवन नो द आन्सर' लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात 'नोज' हे अनेकवचन असतं. हे उलटं नातं पक्कं होईपर्यंत पुढे जाऊ नका.

यातला दिलासा असा, की काळजी फार थोड्या ठिकाणी घ्यावी लागते. इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डज-डू या जोड्या आणि साध्या वर्तमानकाळातलं क्रियापद, एवढंच. 'एव्हरीवन केम', 'ऑल केम', 'समवन विल कॉल', 'मेनी कॅन स्विम' या वाक्यांत वचनाचा प्रश्नच येत नाही. वॉज-वेअर सोडले तर साध्या भूतकाळात, आणि विल, कॅन, शुड, मस्ट यांच्याबरोबर क्रियापद बदलत नाही. म्हणून वाक्य तपासताना पहिला प्रश्न हा विचारा: यातलं क्रियापद बदलणारं आहे का? नसेल तर पुढच्या वाक्याकडे वळा.

पायरी २: बारा शब्द, सगळे एकवचनी

एव्हरी, सम, एनी, नो हे चार तुकडे घ्या. प्रत्येकाला वन, बॉडी, थिंग जोडा. एव्हरीवन, एव्हरीबडी, एव्हरीथिंग. समवन, समबडी, समथिंग. एनीवन, एनीबडी, एनीथिंग. नो वन, नोबडी, नथिंग. यातला 'नो वन' तेवढा दोन शब्दांत लिहितात. या बारांनंतर क्रियापद नेहमी एकवचनी येतं, कारण शब्दाच्या पोटातच 'एक', 'एक व्यक्ती', 'एक गोष्ट' बसलेली आहे.

'एव्हरीवन' वाचल्यावर मनात 'सगळे' म्हणू नका, 'प्रत्येकजण' म्हणा. 'प्रत्येकजण तयार आहेत' असं मराठी माणूस म्हणतच नाही. 'प्रत्येकजण तयार आहे', म्हणून 'एव्हरीवन इज रेडी'. एवढा एक बदल केला की या गटातल्या बहुतेक चुका थांबतात, हे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता मराठी जिथे चकवते त्या दोन जागा.

पहिली आदराची. दारावर कोणी वडीलधारे आले, तर आपण आत जाऊन सांगतो, 'बाहेर कोणीतरी आले आहेत.' हे आदरार्थी अनेकवचन. इंग्रजीच्या क्रियापदाला हा आदर ठाऊक नाही. आलेली व्यक्ती कुलगुरू असो की कुरिअरवाला, वाक्य एकच: 'समवन हॅज कम.' 'समवन हॅव कम' लिहून कोणाचा मान वाढत नाही.

दुसरी जागा नकाराची. आपण म्हणतो 'कोणीच येत नाही'. त्यात 'कोणीच' आहे आणि 'नाही'सुद्धा आहे. शब्दाला शब्द ठेवला की 'नोबडी डझंट कम' तयार होतं. प्रमाण इंग्रजीत नोबडी, नो वन, नथिंग यांच्या पोटातच नकार असतो, दुसरा लागत नाही. 'नोबडी कम्स.' 'नथिंग इज राँग.' वेगळा नकार वापरायचाच असेल तर 'एनी'चा शब्द घ्या: 'देअर इजंट एनीवन इन द रूम.'

प्रश्न विचारताना 'डज' पुढे आला की एकवचनाचा 'एस' त्याने घेतलेला असतो, मुख्य क्रियापद मोकळं होतं. 'डज एनीबडी नो द वे?' हे बरोबर. 'डज एनीबडी नोज' चूक, आणि 'डू एनीबडी नो' हीसुद्धा चूक.

याच एकवचनी गटात ईच, आयदर, नायदर, अनदर, वन, मच आणि लिटल येतात. 'मच हॅज चेंज्ड इन पुणे.' 'लिटल इज नोन अबाउट हिम.' मच आणि लिटल मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी असतात, म्हणून त्यांचं एकवचन सहसा कोणाला जड जात नाही. ईच, नायदर आणि वन मात्र सहसा एकटे येत नाहीत, 'ऑफ' घेऊन येतात, आणि सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात.

पायरी ३: 'ऑफ' दिसला की 'पैकी' म्हणा

या पायरीवर घाई करू नका.

'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज इन कोथरूड.' क्रियापदाच्या अगदी जवळ 'फ्रेंड्स' बसलेला आहे. तो अनेकवचनी, म्हणून हात आपोआप 'लिव्ह' लिहितो. आता हेच मराठीत म्हणा: 'माझ्या मित्रांपैकी एक कोथरूडला राहतो.' 'मित्रांपैकी एक राहतात' असं तुमच्या तोंडून येईल का? नाही. राहणारा 'एक' आहे, 'मित्रांपैकी' हे फक्त कुठल्या घोळक्यातला ते सांगतं. मराठीने त्या घोळक्याला 'पैकी' लावून बाजूला बसवलं, त्यामुळे तो कर्ता होऊ शकत नाही. इंग्रजीत तो क्रियापदाला खेटून बसतो आणि फसवतो.

याच मराठी वाक्यातून दुसरी चूकही टळते. 'वन ऑफ माय फ्रेंड' असं फार जण लिहितात. 'मित्रापैकी एक' असं आपण म्हणत नाही, 'मित्रांपैकी'च म्हणतो. म्हणून 'वन ऑफ'नंतरचं नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. दोन्ही गोष्टी त्या एका 'पैकी'त आहेत.

पुण्याचे मानाचे पाच गणपती घ्या: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. विसर्जन मिरवणुकीतला त्यांचा क्रम ठरलेला आहे. 'ईच ऑफ द फाइव्ह गणपतीज हॅज अ फिक्स्ड प्लेस इन द प्रोसेशन.' पाचांपैकी प्रत्येकाला स्थान आहे, म्हणून 'हॅज'. मेट्रोच्या वनाझ–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या दोन मार्गिका घ्या. 'नायदर ऑफ द टू लाइन्स गोज टू सिंहगड.' दोहोंपैकी एकही जात नाही. 'एकही' म्हटलं की मराठीतही एकवचनच येतं.

कागदावर करायची कृती सोपी आहे. पेन्सिल घ्या, 'ऑफ'पासून त्याच्या नामापर्यंतचा भाग अंगठ्याने झाका आणि उरलेलं वाचा. 'ईच ... हॅज.' 'नायदर ... गोज.' 'वन ... लिव्हज.' परीक्षेतलं वाक्य लांबलचक असतं तेव्हा ही कृती विशेष उपयोगी पडते. 'ईच ऑफ द बसेस दॅट लीव्ह स्वारगेट इन द मॉर्निंग इज फुल.' इथे 'लीव्ह' अनेकवचनी आहे, कारण निघणाऱ्या बसेस आहेत. 'इज' एकवचनी आहे, कारण तो 'ईच'चा आहे. एका वाक्यात दोन क्रियापदं आणि दोघांचे कर्ते वेगळे. कोणतं क्रियापद कोणाचं, हे बाणाने जोडून बघा. एकदा हाताने बाण काढलेत की ते विसरायला होत नाही.

'अलाँग विथ' आणि 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' हेही असेच बाजूला बसणारे. 'एव्हरीवन, अलाँग विथ द टीचर्स, इज ऑन द बस.' मराठीत आपण 'शिक्षकांसह प्रत्येकजण बसमध्ये आहे' म्हणू. 'सह' लागलं की शिक्षक कर्ता राहत नाहीत.

'नायदर ऑफ' आणि 'नायदर-नॉर' ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर हियर' यात 'नायदर' सर्वनाम नाही, उभयान्वयी अव्यय आहे, आणि क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणसं 'नायदर ऑफ देम आर' असंही म्हणतात. तुम्हाला ते ऐकू येईल. परीक्षेत आणि अर्जात मात्र एकवचनच ठेवा.

'ईच' कर्त्याच्या मागे आला तर गोष्ट उलटते. 'द स्टुडंट्स ईच हॅव अ लॉकर.' इथे कर्ता 'स्टुडंट्स' आहे, 'ईच' फक्त 'प्रत्येकी' एवढंच सांगतो.

पायरी ४: नेहमी अनेकवचनी

बोथ, मेनी, सेव्हरल, फ्यू, अ फ्यू, अदर्स. 'बोथ आर ओपन.' 'सेव्हरल ऑफ द शॉप्स ऑन लक्ष्मी रोड आर क्लोज्ड.' मराठीतही दोघं, पुष्कळ जण, थोडे जण अनेकवचनीच आहेत, त्यामुळे इथे अडखळायला होत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: 'मेनी अ स्टुडंट कम्स टू पुणे.' 'मेनी'नंतर 'अ' आणि एकवचनी नाम आलं की क्रियापदही एकवचनी. अर्थ पुष्कळांचा, रूप एकाचं.

पायरी ५: इथे मात्र 'ऑफ'नंतरचं वाचायचं

ऑल, सम, एनी, मोस्ट, मोअर, हाफ, नन. आत्ताच 'ऑफ'नंतरचा भाग झाकायला शिकलो आणि या सात शब्दांसाठी तोच उघडायचा आहे. नवशिक्यांचा धीर सुटतो तो इथे. पण थांबा, तुम्हाला हे येतं.

'सगळं पाणी संपलं.' 'सगळी धरणं भरली.' 'सगळे रस्ते बंद आहेत.' 'सगळा' हा शब्द ज्याच्याबद्दल बोलतो त्याचं वचन घेतो, हे मराठी मूल शाळेत जायच्या आधी शिकतं. इंग्रजीचा 'ऑल' तसाच आहे, फक्त स्वतःचं रूप न बदलता क्रियापदाला बदलायला लावतो. ईच, वन, नायदर हे शब्द एकेकट्याला वेगळं काढतात, त्यांना स्वतःची संख्या आहे: एक. ऑल, सम, मोस्ट हे वाटा दाखवतात. कशाचा वाटा ते कळल्याशिवाय त्यांचं वचन ठरतच नाही. म्हणून तिथे झाकायचं आणि इथे उघडायचं.

पुण्याच्या पाण्यावरच हे घोटून घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. 'ऑल ऑफ द डॅम्स आर फुल', कारण धरणं चार. 'ऑल ऑफ द वॉटर इज क्लीन', कारण पाणी मोजता येत नाही. 'सम ऑफ द वॉटर इज रिलीज्ड इन्टू द मुठा.' 'सम ऑफ द रोड्स नियर द रिव्हर आर क्लोज्ड.' 'हाफ ऑफ द डॅम इज एम्प्टी', एका धरणाचा अर्धा भाग. 'हाफ ऑफ द डॅम्स आर एम्प्टी', चारांतली दोन. टक्केवारीही याच नियमाने चालते. 'फिफ्टी परसेंट ऑफ द वॉटर इज', पण 'फिफ्टी परसेंट ऑफ द सीट्स आर'.

'ऑफ' नसेल तर संदर्भ बघा. 'ऑल इज वेल' म्हणजे सगळं ठीक आहे. 'ऑल आर प्रेझेंट' म्हणजे सगळे हजर आहेत. मराठीतला 'सगळं' आणि 'सगळे' यांतला फरक इंग्रजी 'इज' आणि 'आर'वर सोपवते. 'सगळे' हवं असेल तर इंग्रजीतला खरा शब्द 'ऑल' आहे. 'एव्हरीवन'शी चाललेली झटापट इथे सुटते.

या पायरीवरचा चकवा वेगळा आहे. काही वस्तू मराठीत अनेकवचनी आणि इंग्रजीत एकवचनी असतात. सगळे पैसे संपले, पण 'ऑल द मनी इज गॉन'. आजीचे सगळे केस पांढरे आहेत, पण 'ऑल ऑफ हर हेअर इज व्हाइट'. आपण 'तांदूळ निवडले' म्हणतो, इंग्रजीत 'द राइस इज क्लीन'. असे शब्द वेगळ्या पानावर लिहून ठेवा, आणि त्यांच्याखाली फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, न्यूज हेही लिहा. यांनाही इंग्रजीत एकवचनच लागतं. सामान आणि माहिती मराठीतही एकवचनी आहेत, त्यामुळे त्यांचा त्रास कमी होतो. पैसे आणि केस मात्र शेवटपर्यंत छळतात.

आता 'नन'. जुन्या पद्धतीचे शिक्षक सांगतात, की 'नन' म्हणजे 'एकही नाही', म्हणून फक्त एकवचन. पण इंग्रजीत 'नन ऑफ देम इज' आणि 'नन ऑफ देम आर' हे दोन्ही प्रयोग शतकानुशतकं चालत आलेले आहेत आणि आजचे शब्दकोश दोन्ही मान्य करतात. मोजता न येणाऱ्या गोष्टीला मात्र एकवचनच: 'नन ऑफ द वॉटर इज क्लीन.' माझा सल्ला असा, की औपचारिक लिखाणात एकवचन ठेवा, पण 'नन ऑफ देम आर' दिसलं म्हणून त्यावर चूक अशी खूण करू नका. त्या वाक्यात आधी दुसरी चूक शोधा.

'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' ही सर्वनामं नाहीत, तरी प्रश्न इथलाच आहे. 'बरेच विद्यार्थी आले आहेत' म्हणजे 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव कम'. 'विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे' म्हणजे 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज गॉन अप'. मराठी वाक्य मनात उभं केलं की पाठांतर लागत नाही.

पायरी ६: क्रियापद एकवचनी, पण पुढे 'देअर'?

'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर आयडी.' क्रियापद 'हॅज', आणि पुढे 'त्यांचं' या अर्थाचा 'देअर'. हे परस्परविरोधी वाटतं, पण ते प्रचारात आहे. व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना इंग्रजी 'दे, देअर' वापरते, आणि तशी उदाहरणं चौदाव्या शतकापासून सापडतात. संशोधनलेखनात वापरल्या जाणाऱ्या एपीए शैलीच्या २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीनेही हा वापर मान्य केला. जुन्या सराव-पुस्तकांत मात्र 'हिज' किंवा 'हिज ऑर हर' हेच उत्तर दिलेलं असतं. पर्यायांत काय दिलंय ते बघून उत्तर द्या, स्वतःच्या लिखाणात 'देअर' निर्धास्त वापरा. क्रियापद मात्र 'हॅव' करू नका. वाक्याच्या शेवटी जोडायच्या छोट्या प्रश्नातही असंच होतं: 'एव्हरीवन इज हियर, आरंट दे?' पण वस्तूसाठी 'नथिंग इज राँग, इज इट?'

अजून एक जागा, वरच्या पातळीची. 'शी इज वन ऑफ दोज स्टुडंट्स हू स्टडी अ‍ॅट नाइट.' 'हू'नंतर 'स्टडीज' का नाही? 'रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ती एक आहे.' अभ्यास करणारे विद्यार्थी आहेत, म्हणून 'स्टडी'. 'द ओन्ली वन ऑफ' आलं की अर्थ फिरतो: तेवढी एकटीच करते, म्हणून 'शी इज द ओन्ली वन ऑफ दोज स्टुडंट्स हू स्टडीज अ‍ॅट नाइट'.

सराव

नवं महागडं पुस्तक लागत नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी व्याकरणाची पुस्तकं कमी पैशांत मिळतात. पण नुसते पर्याय टिपत बसू नका. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, त्यातली अनिश्चित सर्वनामं अधोरेखित करा, प्रत्येकापासून त्याच्या क्रियापदापर्यंत बाण काढा, आणि मग ते वाक्य मोठ्याने वाचा. रोज एकच परिच्छेद, पण बाणांसकट.

आता ही वाक्यं तपासा. एक बरोबर आहे, बाकीची चूक.

क. वन ऑफ माय कझिन लिव्ह इन हडपसर.
ख. ऑल द मनी वेअर इन द बॅग.
ग. डज एव्हरीबडी नोज द वे टू शनिवारवाडा?
घ. नोबडी हॅवंट पेड द फी.
च. बोथ ऑफ द लायब्ररीज ओपन्स अर्ली.
छ. ईच ऑफ द शॉप्स दॅट सेल ओल्ड बुक्स इज क्लोज्ड टुडे.

उत्तरं: क मध्ये दोन चुका आहेत, 'कझिन्स' आणि 'लिव्हज' हवं, 'पैकी' आठवा. ख मध्ये 'वॉज', कारण इंग्रजीत पैसा एकवचनी. ग मध्ये 'नो', 'एस' आधीच 'डज'कडे गेला आहे. घ मध्ये दुहेरी नकार आणि अनेकवचन दोन्ही आहेत, 'नोबडी हॅज पेड द फी' हवं. च मध्ये 'ओपन'. छ बरोबर आहे: 'सेल' दुकानांचं, 'इज' हे 'ईच'चं. छ मध्ये ज्यांनी चूक शोधून काढली असेल, त्यांनी तिसरी पायरी पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचावी.